संपर्क सत्राचा मुराळी

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. त्याने काही बिघडलं नाही, कारण जळगावच्या अभ्यास केंद्रात माझ्याबरोबर बसणाऱ्या बहुतेकांनी तो पाहिलेला नव्हता. बँकेतले एक साहेब बढतीसाठी शिकत होते, त्यांनी पाहिला होता. पण ते सहकुटुंब गेले होते आणि सामान सांभाळायला किनाऱ्यावरच बसून राहिले होते. शिकवणारे सर चाळीसगावहून रेल्वेने येत. गाडी वेळेवर आली तर तास वेळेवर. त्यांनी एकदा बंदर आतून पाहिलं होतं आणि त्या एका दिवसाच्या भांडवलावर त्यांनी आम्हाला दोन वर्षं शिकवलं.

हाच विषय का घेतला, असं मला पुष्कळांनी विचारलं. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. लहानपणापासून मी घड कापताना, धुताना, खोक्यांत भरताना आणि ट्रकमध्ये चढवताना पाहत आले. ट्रक देवळाच्या वळणावर दिसेनासा झाला की आमच्या घरातलं त्या केळ्यांबद्दलचं बोलणं संपायचं. ती कुठल्या तरी आखाती देशात जातात एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. वळणाच्या पुढे त्यांचं काय होतं, त्यांची जबाबदारी कोण घेतं, वाटेत नासली तर कोणाची नासली, हे कोणी विचारत नसे. मला ते विचारायचं होतं. लग्न होऊन धुळ्याला आले, बी.कॉम. झालेलं होतं, आणि दूरशिक्षणाच्या माहितीपत्रकात हा अभ्यासक्रम दिसला. मी नवऱ्याला सांगितलं. त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक सोडून कोणालाही ते स्वतःहून उत्तर देत नाहीत. ते म्हणाले, "आईला विचार."

सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. मी अभ्यासक्रमाचं नाव सांगितलं. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"शिक ना. कोन नही म्हनस?" मग थोड्या वेळाने, "तठे जानं पडी का?"

मी म्हणाले, हो, जळगावला. अधूनमधून शनिवार-रविवार संपर्क सत्र असतं, हजेरी सक्तीची आहे.

"मंग तुन्हा बापले सांग. मुराळी म्हनीसन ई जाई."

सासुरवाशिणीला माहेरी न्यायला माहेरचं जे माणूस येतं, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. बाप, भाऊ, चुलता, कोणीही चालतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर तो यावाच लागतो. लेकीबाळी त्या दिवशी माहेरी झोके घेतात. पण हे सणाचं झालं. एरवी हल्लीच्या पोरी पिशवी खांद्याला लावतात आणि बसमध्ये बसतात. आमच्या गल्लीतल्या सगळ्या तशाच जात. आमच्या घरी मात्र ते चालत नसे. धुळ्यात मी कुठेही जाऊ शकत होते: बाजारात, ग्रंथालयात, उद्या नोकरी लागली तर एमआयडीसीतही. धुळं सोडायचं असेल तर मुराळी. कारण विचारलं की सासूबाई म्हणत, "आपलाकडे असंच शे."

मी एकदा म्हणून पाहिलं की जळगाव म्हणजे काही माझं माहेर नव्हे.

"वाटवर शे ना?" त्या म्हणाल्या.

जळगाव वाटेवरच होतं.

तर अशा रीतीने माझे वडील, ज्यांना मी आणि सगळं गाव आबा म्हणतं, 'आंतरराष्ट्रीय वित्त व्यवस्थापन' या विषयाचे मुराळी झाले. शुक्रवारी संध्याकाळी ते दोन बस बदलून धुळ्याला पोचत. हातात केळ्यांची फणी, डोक्यावर पांढरी टोपी. सासूबाई पायांवर पाणी घालत, रावेरकडच्या पावसापाण्याची चौकशी करत आणि पुरणपोळी वाढत. मुराळ्याला दुसरं काही वाढणं त्यांना मान्य नव्हतं. आबांना मधुमेह आहे. हे त्यांनी पहिल्याच खेपेला सांगायला हवं होतं, पण विहिणीच्या घरी पहिल्याच घासाला आजार काढायचा नाही म्हणून ते गप्प बसले, आणि पुढे सांगायची वेळ निघून गेली. सत्र जवळ आलं की ते आधीचा आठवडाभर कारल्याचा रस पीत. शनिवारी पहाटेच्या बसने आम्ही निघायचो, दिवसभर वर्ग, मुक्कामाला माहेरी, रविवारी परत वर्ग, आणि संध्याकाळी ते मला धुळ्याच्या उंबऱ्यापर्यंत आणून पोचवत. तिथे पुन्हा पुरणपोळी असे.

शेजारच्या काकूंनी एकदा मला विचारलं की हे संपर्क सत्र म्हणजे तुमच्या रावेरकडचा सण का, आणि त्याला नैवेद्य काय असतो. मी म्हणाले, पुरणपोळी. ते खरंच होतं.

पहिल्या वर्षी सरांनी लेटर ऑफ क्रेडिट शिकवलं तेव्हा वर्गात बराच गोंधळ झाला. विकणारा एका देशात, घेणारा दुसऱ्या देशात, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणून मधे बँक उभी राहते. माल बोटीवर चढल्याचे कागद बँकेत दाखवले की बँक पैसे देते. ती माल बघत नाही. गोदामात जात नाही, खोकं उघडत नाही. कागदात जे लिहायला सांगितलं होतं तेच आणि तसंच लिहिलं आहे का, एवढंच बघते. एका अक्षराचा फरक असला तरी कागद परत. बँकेतल्या साहेबांनासुद्धा हे पटत नव्हतं. ते म्हणत होते की माल चांगला असेल तर कागदाचं एवढं काय? मला मात्र एका वाचनात समजलं, कारण मी त्या बँकेत राहत होते.

पुरावा लवकरच मिळाला. पावसाळ्यातल्या एका सत्राला आबांची टोपी धुवायला पडली होती, म्हणून ते बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली हिरवी, पुढे झापड असलेली टोपी घालून आले. सासूबाईंनी दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं.

"मुराळी कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"मीच हाये ना, ईनबाई," आबा म्हणाले. विहिणीला ते ईनबाई म्हणत.

सासूबाई दारातून हलल्या नाहीत. शेवटी मी मागच्या दाराने शेजारी गेले, काकांची गांधी टोपी मागून आणली आणि ती आबांना नेऊन दिली. आबा फाटकाबाहेर गेले, टोपी बदलली आणि पुन्हा आत आले. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं आणि आत्ताच प्रथम भेटत असल्यासारखी प्रवासाची विचारपूस केली. त्रुटी दुरुस्त करून कागद मुदतीत पुन्हा सादर करता येतात, हे मी नंतर परीक्षेत न चुकता लिहिलं.

केंद्रावर आबा सुरुवातीला बाहेरच्या बाकावर बसून राहत. एका उन्हाळ्यात सरांना त्यांची दया आली आणि त्यांनी आबांना पंख्याखाली, शेवटच्या बाकावर बसायला सांगितलं. आबा बसले आणि झोपले. दोन वर्षांत त्यांनी बहुतेक तास झोपेत काढले. एकदाच ते जागे होते. विकणाऱ्याची जोखीम नेमकी कुठे संपते आणि घेणाऱ्याची कुठे सुरू होते, कारखान्याच्या दारात, बंदरावर की बोटीत, हे सर फळ्यावर चित्र काढून समजावत होते. परतीच्या बसमध्ये पारोळ्याच्या आसपास आबा म्हणाले, "म्हंजे तुह्या सासूच्या उंबऱ्यापासून जोखीम माही."

"हो."

"आन परत उंबऱ्यावर आनून सोडली की त्यायची."

"हो."

"मंग तुही कुठी हाये?"

मी म्हणाले की ते अभ्यासक्रमात नाही. त्यांनी मान डोलावली आणि परत झोपले. मी मात्र धुळ्यापर्यंत जागीच होते.

मला त्या पदवीचं काय करायचं होतं, ते एव्हाना ठरलं होतं. धुळ्याच्या एमआयडीसीत सूत निर्यात करणारी एक कंपनी आहे. तिथे निर्यातीचे कागद तपासायला माणूस हवं होतं. मी जाऊन भेटले. तिथल्या मॅनेजर बाई म्हणाल्या, तुम्ही कामाच्या वाटता, पण पदवी लागेल. मार्चपर्यंत थांबते, नंतर दुसरं कोणी घेईन. सगळे पेपर झाले होते. प्रकल्पही दिला होता, केळीच्या निर्यातीवर. तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती, थंडीत, जळगावला. ती चुकली तर पुढची संधी थेट पावसाळ्यात. म्हणजे नोकरी गेली. इतकं साधं गणित होतं.

परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना आबांचा पाय केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत अडकला आणि मोडला. ज्या बागेत ते डोळे मिटूनही फिरले असते त्या बागेत. मांडीपर्यंत प्लास्टर घातलं.

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी पायाची नीट चौकशी केली, आईला फोन लावून हाड कुठे मोडलं ते विचारून घेतलं, दूध-हळद द्यायला सांगितली. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "मंग मुराळी कोन ई?"

कोणीच येणार नव्हतं. मला भाऊ नाही. चुलतभाऊ सुरतला. माझ्या चुलत्याचं आणि आबांचं बांधावरून बोलणं बंद. मी म्हणाले, "आई, मी सकाळच्या बसने एकटी जाते आणि संध्याकाळी परत येते. माहेरीसुद्धा जात नाही. फक्त परीक्षा."

"नही."

नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "आई काय म्हणते बघ."

मी सहसा आतल्या आत चिडते. बाहेर दिसत नाही, म्हणून लोकांना मी शांत वाटते. त्या दिवशी मी कणकेची परात ओट्यावर आपटली. म्हणाले, दोन वर्षं मी तुमचा प्रत्येक शब्द पाळला. माझा बाप दर सत्राला दोन बस बदलून आला. आता पाय मोडला म्हणून माझी परीक्षा बुडणार, नोकरी जाणार, आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटणार नाही का?

सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी काड्या एका बाजूला केल्या.

"एकली गयी ते लोके म्हनतीन, हिन्हा माहेरमा कोनी उरनं नही."

"म्हणू दे."

"माले म्हनेल शे," त्या म्हणाल्या. "कसं लागस ते माले माहिती शे."

त्यांचं माहेर सोनगीरचं, हे मला ठाऊक होतं. तिथे आता कोणी नाही, असं मी धरून चालले होते, कारण त्या कधी गेल्याच नव्हत्या. त्या दिवशी कळलं की भाऊ आहे, भावजय आहे, घर आहे, सगळं जागच्या जागी आहे. वडील गेल्यावर भाऊ एक-दोन आखाज्या मुराळी म्हणून आला. मग शेताच्या वाटण्या झाल्या, शब्दाने शब्द वाढला आणि तो यायचा थांबला. पहिल्या वर्षी त्या दाराशी पिशवी ठेवून संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. गल्लीतली एक बाई जाता जाता म्हणाली, आता तुझं माहेर सरलं. माझा नवरा तेव्हा लहान होता.

"पण आई, सोनगीर तर इथेच आहे," मी म्हणाले. "बसने अर्धा तास. तुम्ही जायचं ना."

"तो लेवाले उना नही. मंग मी कशी जाऊ?"

शिरपूरकडे लग्नाकार्याला आम्ही त्याच हायवेने जात असू. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला की सासूबाई दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत. मला वाटायचं, त्यांना ऊन लागतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि माझा रागही कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. मी परात उचलली आणि पोळ्या केल्या, कारण कोणाला तरी त्या करायच्याच होत्या.

दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. मी पुस्तकं काढत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्या एकदम म्हणाल्या, "तुन्हा बापना पाय मोडना म्हनीसन तो येत नही. मन्हा भाऊना दोन्ही पाय धड शेतस."

मी कप हातात धरून उभी राहिले.

"तुन्हा बापनी जागावर मी येसू," त्या म्हणाल्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दोन वर्षं कागदपत्रं शिकून माणूस बिघडतो. मी म्हणाले, "पण मुराळी माहेरचा लागतो ना?"

"ते मी देखसू. तू तुन्हा अभ्यास देख."

परीक्षेच्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, पिशवीत आबांसाठी डिंकाचे लाडू, आबांच्या मधुमेहाचा सुगावा सासूबाईंना अजूनही नव्हता. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि पारोळा, एरंडोल अशा पाट्या वाचत गेल्या. मी उजळणी करत होते. मधेच त्यांनी विचारलं, "हाई बठ्ठं पाठ करनं पडस का?" मी म्हणाले, समजून घ्यावं लागतं. त्या म्हणाल्या, "मंग कठीण शे."

केंद्राच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं. विद्यार्थ्यांनाच आत सोडायचं होतं. त्याने सासूबाईंना विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी हिन्ही मुराळी शे."

पहारेकरी आमच्याकडचाच असावा. त्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खोलीबाहेरच्या बाकावरचे गठ्ठे उचलून त्यांना जागा करून दिली.

आतले परीक्षक पुण्याहून आले होते. त्यांचा घसा बसला होता आणि सकाळपासून तीच उत्तरं ऐकून ते कंटाळले होते. माझा प्रकल्प त्यांनी दोन पानं उलटून बाजूला ठेवला. म्हणाले, "लेटर ऑफ क्रेडिट सांगा. पुस्तकातलं नको, ते मी सकाळपासून ऐकतोय. बँक माल न बघता नुसत्या कागदावर पैसे देते, हे तुम्हाला विचित्र नाही वाटत?"

"नाही सर," मी म्हणाले. "आमच्या घरी तसंच आहे."

त्यांनी चष्मा काढला. मग मी मुराळी सांगितला. उंबरा सांगितला, टोपी सांगितली, फाटकाबाहेर जाऊन पुन्हा आत येणं सांगितलं. आमचे चाळीसगावचे सर शेजारी बसले होते, ते टेबलाकडे बघत राहिले. मी म्हणाले, "सर, कागद मागणाऱ्याला माल चांगला आहे हे ठाऊक नसतं असं नाही. पण कागद नसताना त्याला कधी तरी फटका बसलेला असतो. म्हणून तो कागद मागतो."

परीक्षकांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "बरं. माल अस्सल आहे, पण कागदच नाही. मग?"

"मग बँक नाही म्हणते. पण ज्याच्यासाठी कागद मागवले, त्याने स्वतः सांगितलं की ही त्रुटी मला मान्य आहे, तर व्यवहार पुढे जातो."

"असं प्रत्यक्षात कोणी करतं?"

"बाहेर बाकावर बसल्या आहेत, सर."

ते उठले, दार थोडं उघडून बाहेर पाहिलं आणि परत येऊन बसले. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले, विमा आणि चलनाचे. त्यांतला चलनाचा मला नीट आला नाही.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय इचारं?"

"मुराळ्याबद्दल विचारलं."

त्यांनी जरा विचार केला. "बरं शिकाडतस मंग आठे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, लाडू कोणाच्या तरी हाती धाडायचे आणि आता धुळ्याची बस. पण त्या म्हणाल्या की मुराळी मधूनच परत जात नाही, पोरीला माहेरी पोचवतो. आम्ही भुसावळमार्गे पॅसेंजरने रावेरला आणि तिथून गावी गेलो. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आबा खाटेवरून उठायची धडपड करत होते, पाय उठू देत नव्हता. डोक्यावर टोपी मात्र होती.

"ईनबाई, तुमी कशाले तरास घेतला?"

"मुराळीले पुरनपोयी भेटस ना," सासूबाई म्हणाल्या. "म्हनीसन उनू."

आईने खरंच पुरण घातलं होतं. सासूबाई पोटभर जेवल्या, आणि मग परत मागून घेतलं. दोन वर्षं आबांना वाढताना त्या जशा समोर बसत तशी आई त्यांच्यासमोर बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आणि आई बाग बघायला गेल्या तेव्हा मी आबांना सोनगीरचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"किती लांब हाये म्हने सोनगीर?"

"बसने अर्धा तास."

"अर्धा तास," आबा म्हणाले. मग त्यांनी मला उशी सरळ करायला सांगितली.

मी पास झाले. तोंडी परीक्षेत वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले, चलन चुकूनही. मार्चपासून एमआयडीसीत जायला लागले. दिवसभर मी कागदांत चुका शोधते, आणि सापडली की मला बरं वाटतं. मॅनेजर बाई म्हणतात, तुम्ही फार कडक आहात. मी कोणाच्या हाताखाली शिकले ते त्यांना माहीत नाही.

मग आखाजी आली. आखाजीच्या आधी सासूबाई सगळं घर झाडून काढतात. दरवर्षी तेव्हा माळ्यावरून एक मरून रंगाची कापडी पिशवी खाली येते, एक दिवस उन्हात पडते, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात आखाजी होईपर्यंत उभी असते आणि मग परत माळ्यावर जाते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी ती जुने कपडे म्हणून बोहारणीला द्यायला निघाले होते. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली होती. यंदाही ती कोपऱ्यात होती. मला दोन दिवसांची रजा मिळाली होती आणि माझी पिशवी मी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.

आबा सकाळी आले. काठी टेकत, जरा लंगडत, पांढरी टोपी घालून. केळ्यांची फणी होतीच. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं, प्यायला तांब्या दिला, पायाचं विचारलं. चुलीवर पुरण शिजत होतं. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "पोरले लेवाले उनात का, भाऊ?"

आबांनी पाण्याचा घोट घेतला.

"नाही. पोरीले आता बस समजते, ते येईन तिची ती. मी तुमाले न्याले आलो, अक्का."

इतकी वर्षं ते त्यांना ईनबाई म्हणत होते. सासूबाईंनी आधी त्यांच्या टोपीकडे पाहिलं. टोपीत काही खोट नव्हती.

"मन्हं माहेर सोनगीरले शे," त्या म्हणाल्या.

"ते हाये. ते कुठी जात नाही. माह्या घरी आखाजीले याले बहीन नाही."

सासूबाई आत गेल्या. मला वाटलं, पुरण बघायला गेल्या. मग वाटलं, रडायला गेल्या असतील, म्हणून मी मागे गेले नाही. पण त्या लगेच बाहेर आल्या. हातात मरून पिशवी होती आणि पायांत चप्पल. त्या पिशवीत काही भरायचं राहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "आई, आधी जेवून तर घ्या. मुराळी न जेवता उठत नाही ना?"

"तठे जेवूत," त्या म्हणाल्या. "तू मांगून ये, एकली. भाऊ, चला, बस चुकी जाई."

आबांच्या हातातला तांब्या अजून अर्धा भरलेला होता.